अस्तराचा सूट

९ डिसेंबर २००३
डॉक्टरांनी यांच्या छातीला नळी लावली आणि बघितलं माझ्याकडे. म्हणाले, "छाती भरलीय. परत गार पाण्यात उतरले तर अवघड होईल." हे गपगुमान मान हलवत होते. यांची मान हलली म्हणजे काही खरं नसतं!

सगळं त्या कॉलेजच्या पोरापायी. नदीत बुडाला आणि दोन दिवस सापडेना. सायखेड्यात कुणी बुडालं की हाक आमच्याच दाराशी – "झुंबर हाय का घरी?" सासऱ्यांनाही अशीच यायची. पैसे घ्यायचे नाहीत, चहासुद्धा नाही. मढं काढलं की अंगावरचे कपडे घाटावरच सोडायचे, दुसरं काहीतरी नेसून घरी यायचं. यांचे किती शर्ट असे नदीला गेले. आता छाती पण जाणार का?

१२ डिसेंबर
रंगनाथच्या एसटीडी बूथवर योगेशचा फोन. मुंबईचा पाणबुड्या, कुंभमेळ्यात यांची ओळख झाली. त्याच्याकडे रबराचे सूट मिळतात, घातले की थंडी लागत नाही म्हणे. दोन तऱ्हेचे – एक साधा, एक आतून अस्तराचा. अस्तराचा जवळजवळ दुप्पट! मी विचारलं, "पाणी आत जात नाही ना?" तो हसला. "जातं की वहिनी. थोडं जातं, अंगानं कोमट होतं, तेच ऊब देतं."

पाणी आत जाणारच, तर पैसे कशाचे? मला काय खुळी समजतो!

१५ डिसेंबर
दोन्ही सूट एसटीनं आले. एक ठेवायचा, एक परत. मी उलटेपालटे करून बघितले. शिवण दोन्हीची पक्की – खोट काढता आली नाही याचं जरा वाईटच वाटलं. अस्तर मात्र... ब्लाउजला आम्ही अस्तर लावतो ते कापड आरपार दिसू नये म्हणून. हे वेगळंच. बारीक लव असलेलं, मांजरीच्या पोटासारखं मऊ.

बादलीत हौदाचं गार पाणी घेतलं. डाव्या हातात साध्याची बाही, उजव्यात अस्तराची, आणि दोन्ही हात बुडवून बसले. सासूबाई येऊन उभ्या.

"काय करती गं?"

"थंडी बघते."

"येडी झाली!"

डावा हात बधिर व्हायला लागला. उजवा गोधडीत असल्यासारखा.

१६ डिसेंबर
अस्तर चांगलं आहे. हेच तर अवघड झालंय.

१८ डिसेंबर
भिशी यंदा माझ्या नावावर निघाली. त्यातून शिलाई मशीनला मोटर बसवायची होती. पोटऱ्या भरून येतात, अंथरुणात पाय ठणकतात. साधा सूट घेतला तर मोटर बसते. अस्तराचा घेतला तर बसा पाय मारत.

पण खरं ते नाही. इथं कुणी वाचायला येत नाही म्हणून लिहिते – मला कुठलाच घ्यायचा नाही! चांगला सूट घेऊन देणं म्हणजे "जा" म्हणणं. थंडी वाजली तर कधीतरी थांबतील तरी.

संध्याकाळी हेच तोंडावर बोलले. हे म्हणाले, "हाक आली तर मी उघडापण जाईन, मोहिने. तुला ठाऊक हाय." आणि पुढं, "आपल्याला समदं आटपल्यावर बोलावत्यात. जितं माणूस एकदा तरी हाताला लागावं, एवढंच मनात हाय."

उघडे जातील. त्यात काही खोटं नाही. मला रडू आलं, रागाचंच.

१९ डिसेंबर
साधा परत पाठवला.

२८ डिसेंबर
सकाळी हाक. चांदोरीकडचे एक म्हातारे. दुपारी सापडले. आणि हे घरी आले लुंगीवर!

"सूट?"

यांनी स्वतःच्या अंगाकडे बघितलं. "घाटावर सोडला की."

सोडला की!! माझी मोटर, माझे पाय – घाटावर! इतक्या वर्षांची सवय, हातांनी आपोआप काढून ठेवला. मी काय काय बोलले ते लिहीत नाही. हे म्हणत राहिले, "ध्यानातच नाय आलं गं." यांचं तोंड बघवेना, तरी माझं तोंड थांबेना.

सासूबाई आतून म्हणाल्या, "रीतीनं केलं त्यानं. मढ्याचं कापड घरात येत नाय."

२९ डिसेंबर
सकाळी मीच गेले. होता तिथंच, शेवटच्या पायरीवर. कुणी हात लावला नव्हता. कोण लावणार, मढ्याचं कापड ना! ज्या रीतीपायी टाकला तिच्यामुळंच टिकला. एकटीच हसले.

हापशावर धुऊन आणला, तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. मी भांडायच्या तयारीनंच आले होते. पण त्या म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याची बी छातीच गेली. असंच गार पाण्यात." मला हे माहीत नव्हतं. यांनाही कधी बोलल्या नसतील. मग भांडायचं राहूनच गेलं. ठरलं – सूट बाहेर शेवग्याच्या फांदीवर. उंबऱ्याच्या आत नाही.

८ जानेवारी २००४
खोकला गेला. पोटऱ्या दुखतात.

२० जानेवारी
उद्या अवस. घाटावर अंघोळीला बायाबापड्यांची गर्दी होणार. त्यात पिकांसाठी वरच्या धरणातून पाणी सुटलंय, धार जोरात आहे. दर अवसेला हे काठावर शेकोटीपाशी बसतात, हाक आली की उठतात. तोवर उशीर झालेला असतो. या वेळी म्हणाले, "मी पहाटेपासून पाण्यातच उभा ऱ्हातो. आता गारठा लागत नाय."

नको म्हणणार होते. सूटच्या पाठीची चेन तेवढी ओढून बघितली. नीट लागते.

२१ जानेवारी, अवस
हे घाटावरून थेट घरात आले. सूट अंगावर! उंबरा ओलांडून आत. पडवीत पाणीच पाणी. मी सासूबाईंकडे बघितलं – आता काय बोलतात!

हे म्हणाले, "पोरगी आईच्या हातातून सुटली, ती माझ्याच पायाला आली. रडतीये, मोहिने. लय जोरात रडतीये."

सासूबाईंनी चुलीपुढं पाट सरकवला. "बस इथं," म्हणाल्या. "काढू नको इतक्यात."