ओल्या रानात पाय टाकायचा नाही

माळवाडी, निपाणी
४ ऑगस्ट २०२४

ती. वासंतीआत्यास,
सौम्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला घरात मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून पत्र. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दाखवून पत्र परत पाठवू नकोस. शाळेतनं रिटायर झालीस, आता तरी सोड.

चिन्मयला बेळगावला दाखवून आणलं. कॅम्पात तुझ्याकडं यायला वेळ झाला नाही, रागावू नकोस. पोरगं अडीच वर्षांचं झालं, अजून 'आई' म्हणत नाही. मान उशिरा धरली, चालायलाही लई उशीर लावला. कान तपासले, ते चांगले आहेत. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हा पोटात असताना तुम्ही काय काम करत होता? म्हटलं, आमच्याकडं सगळ्या करतात तेच. नागेंद्र औषध मारायचा, मी ते पाण्यात कालवून पंप भरून द्यायची. फवारलेल्या ओल्या सरीत टोमॅटोची झाडं बांधायला जायची. संध्याकाळी त्याचे कपडे हातानं धुवायची.

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एका पोराकडं बघून ह्यामुळंच झालं असं कुणालाच सांगता येणार नाही. पण ही औषधं आईच्या अंगातून पोटातल्या बाळापर्यंत पोचतात, आणि अशी पोरं बोलायला, शिकायला मागं राहिलेली पुष्कळ ठिकाणी दिसली आहेत. इथून पुढं लांब राहा.

आत्या, इथून पुढं म्हणजे आत्तापासूनच. मला तिसरा महिना चालू आहे.

घरी आल्या आल्या पंप आणि बाटल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावरनं काढून गोठ्याच्या मागं नेऊन ठेवायला लावल्या. कपडे धुणार नाही, पंप भरणार नाही म्हणून सांगितलं. नागेंद्र म्हणाला, मी इतकी वर्षं मारतोय, मला काय झालंय? म्हटलं, तू पोटात आहेस काय? सासूबाई त्या दिवसापासनं माझ्याशी बोलत नाहीत.

तुझी माया आहे, ती अजून थोडी वाढव. लागणार आहे.

तुझी,
सौम्या


कॅम्प, बेळगाव
९ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सौम्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं 'पोटात आहेस काय' वाचून एकटीच हसले. मग चष्मा पुसून लिहायला बसले.

आधी एक ऐक. रात्री पडल्या पडल्या स्वतःला बोल लावत असशील, तर ते थांबव. तुला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी ते बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं आणि हात झटकले. रागवायचंच असेल तर तिकडं रागव. आणि त्याला 'औषध' म्हणणं बंद कर. औषधानं माणूस बरा होतो. विषाला विष म्हण, मग बघ हात कसा आपोआप मागं येतो.

चिन्मयशी सारखं बोलत राहा. भांडी घासताना, केर काढताना, तो उत्तर देवो न देवो. आमच्या गल्लीच्या पुढंच बोलायला शिकवणारा वर्ग आहे, दर बुधवारी. मी जाऊन चौकशी करून आले. तिथं शिकवणाऱ्या मुलीनं माझ्या कानात ओरडून सगळं सांगितलं, अख्ख्या गल्लीला कळलं.

आणि सरळ इकडं निघून ये. बाळंतपण माझ्याकडं. खोली रिकामी आहे, माझा स्वयंपाक वाईट आहे, पण हवा चांगली आहे. नागेंद्ररावांना मी सांगते.

नीट राहा. माझा जीव तुझ्यात आहे हे विसरू नकोस.

तुझी,
वासंतीआत्या

ता. क. 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ. तुझ्या गेल्या दिवाळीच्या पत्रात ऱ्हस्व होता.


माळवाडी
२० सप्टेंबर २०२४

श्रीमती वासंतीबाईंस,
राजाबाईचा नमस्कार. विशेष.

मी कधी पत्र लिहीत न्हाय. सातवीपतूर शिकलेली हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी सौम्याची सासू असून गाऱ्हानं घिऊन तुमच्याकडं यावं लागतंय.

तुमी बोलावलं तर ती येत न्हाय म्हनती. म्हनती, मी गेले तर माझं एक वाचंल, मजुरीच्या टोळीत आनि दोघी पोटुशी हाइत, त्येंचं काय? ऱ्हाऊ दे. पन परवा काय केलं बघा. बागाईतदार मारुतीरावांच्या रानात सकाळी औषध मारलं, आनि दुपारी बायकांस्नी टोमॅटो बांधायला बोलवलं. पानं अजून ओली हुती. तुमची भाची बांधावर उभी ऱ्हायली आनि म्हनाली, कुनी आत पाय टाकायचा न्हाय. भरमू मुकादम लई वरडला. तिनं बांधावर टाकलेली बाटली उचलली, वरची विषाची तांबडी खून त्येच्या तोंडाम्होरं धरली आनि म्हनाली, आधी तुझी बायको आन. ती आत जाऊ दे, मग आमी जातो. भरमूची बायको पन पोटुशी हाय. सगळ्या बांधावरच बसून ऱ्हायल्या.

आता मारुतीराव म्हनत्यात, पलीकडनं कागलाची टोळी आनतो, तुमी बसा घरात. नागूला फवारनीला बोलवायचं बी बंद केलं. पोरगं तोंड पाडून बसलंय. गावात मला त्वांड दावायला जागा न्हाय.

आमी काय कमी केलं? कळा येईस्तोवर मी तंबाकूच्या रानात हुते. चार पोरं झाली, दोन ऱ्हायली. तवा मला कोन इचारलं हुतं? तुमचं ती ऐकती. तिला चार शब्द सांगा.

राग नसावा, लोभ असावा, एवढंच मागनं.

राजाबाई


कॅम्प, बेळगाव
२५ सप्टेंबर २०२४

सौ. राजाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर माझ्या कित्येक विद्यार्थ्यांपेक्षा चांगलं आहे. चार शब्द सांगा म्हणालात, ते मात्र मी सांगणार नाही. सौम्यानं केलं ते बरोबर केलं. मी तिथं असते तर बांधावर तिच्या शेजारी बसले असते, मग गुडघे काही का म्हणेनात.

तुम्ही लिहिलंत, चार झाली, दोन राहिली, तेव्हा कुणी विचारलं होतं? ते वाक्य मी परत परत वाचलं. कुणी विचारलं नाही हे खरं आहे. ती दोघं कशानं गेली हे आता कुणालाच सांगता येणार नाही, पण विचारायला पाहिजे होतं. म्हणून मी आज विचारते. पत्रात लिहू नका. इकडं या आणि सांगायचं असेल तर सांगा, नाहीतर नुसत्या बसा.

बुधवारच्या वर्गाला चिन्मयला तुम्हीच घेऊन या. सौम्याला एवढ्या लांबचे गाडीचे धक्के नकोत. मुक्काम माझ्याकडं करा. मला कमी ऐकू येतं, तेव्हा मोठ्यानं भांडलात तरी चालेल.

तुमच्या येण्याची वाट बघते. परकी समजू नका.

आपली,
वासंती


माळवाडी
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
सौम्याचा सा. न. वि. वि.

तू सासूबाईंना काय सांगितलंस? की त्यांनी तुला काय सांगितलं? तुझ्याकडनं आल्या त्या रात्री जेवताना एवढंच म्हणाल्या, की मी वर्गातल्या एकेका आईला, पोर पोटात असताना काय काम करत होता, असं विचारलं. फवारलेल्या रानात गेलेल्या किती निघाल्या, ते बोटं मोजून दाखवलं. सकाळी उठून त्यांनी नागेंद्रचे फवारणीचे कपडे काठीनं उचलले, त्याच्यासमोर टाकले आणि तुझं तू धू म्हणाल्या. आता तो विहिरीवर जाऊन स्वतः धुतो आणि आंघोळ केल्याशिवाय चिन्मयला उचलत नाही. पोरं हसतात. तो म्हणतो, हसा, दात तरी दिसू देत तुमचे.

खरी गंमत पुढं आहे. गेल्या आठवड्यात कागलची टोळी टेम्पोतनं आली. मारुतीरावांचं रान सकाळीच फवारलेलं. मी निघायच्या आधीच कुणीतरी सांगत आलं, तुझी सासू रानाच्या वाटेवर आडवी बसलीय. धावायचं नव्हतं, म्हणून जमेल तेवढं भरभर चालत गेले. पदर खोचून, मांडी घालून बसलेल्या. मारुतीराव म्हणत होते, पोलिसाला बोलावतो. त्या म्हणाल्या, बोलवा की, त्येलाबी आई आसंल. मग टोळीतल्या बायकांकडं वळल्या. म्हणाल्या, पोरींनो, मला चार झाली, दोन गेली. मला कुनी आडवलं न्हवतं. मी तुमास्नी आडवतीय.

आत्या, त्यांच्यातली एक म्हातारी टेम्पोतनं उतरली आणि सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. मग दुसरी उतरली. टेम्पो रिकामाच राहिला.

टोमॅटोची झाडं जमिनीवर लोळायला लागली तेव्हा मारुतीरावांनी भरमूला पाठवलं. ठरलं असं, की फवारलेल्या रानाच्या बांधावर तांबडं फडकं लावायचं, आणि बाटलीवर लिहिलेले दिवस होईपर्यंत आत कुणी जायचं नाही. पोटुशा बायकांना सावलीत बसून टोमॅटो निवडायचं काम. भरमूनं पहिलं फडकं स्वतःच बांधलं. नागेंद्रला परत बोलावणं आलं. तो म्हणाला, फडकं दिसलं तरच येतो.

मी अजून तुझ्याकडं येत नाही. फडकं काढून टाकायला वेळ लागत नाही, इथं लक्ष ठेवायला पाहिजे.

तुझ्या मायेच्या जोरावर सगळं चाललंय.

तुझी,
सौम्या


माळवाडी
२ मार्च २०२५

ती. वासंतीताईंस,
राजाबाईचा नमस्कार. विशेष.

तुमास्नी बाई न म्हनता ताई लिवलंय, चालवून घ्या.

सौम्या आठ दिसामागं बाळंतीन झाली, मुलगी झाली. दोघी चांगल्या हाइत. वजन बरं हाय. नाव श्रिया ठेवनार. सौम्याला उठायला हुईना म्हनून मी लिहितेय. भरमूच्या बायकोलाबी पोरगा झालाय.

चिन्मयचं बोलनं सुरू झालंय. पैला शब्द 'म्हस'. आई न्हाय, आज्जी न्हाय, म्हस! सौम्या हसून हसून दमली. आता आनि चार-सा शब्द आल्यात. बाकीच्या पोरांच्या अजून लई मागं हाय. वर्गात शिकवनारी मुलगी म्हनती, हळूहळू यील, पन कुठवर यील ते सांगता येत न्हाय. आमी बुधवार चुकवत न्हाय.

श्रियाचं डॉक्टरीनबाईंनी सगळं बघितलं. म्हनाल्या, आत्ता बरी हाय, पन बोलायला, चालायला लागंपतूर काय कळनार न्हाय. मी म्हटलं, आमी थांबतो.

मारुतीरावांनी एकदा गपचूप फडकं काढलं हुतं. आमी परत लावलं. बाजारात मला गाठून म्हनाले, राजाबाई, तुमची नात बघितली, धडधाकट हाय की. उगंच येवढा तमाशा केला, काय बी झालं नसतं. लोकबी तसंच म्हनाय लागल्यात. सौम्याला राग आला. मी तिला म्हटलं, म्हनू दे. पोरगी धावंल, बोलंल, शाळंत जाईल, तवा तर आनिकच म्हनतील. ह्यांनी जन्मभर तसंच म्हनत ऱ्हावं, म्हनूनच तर केला तमाशा.

तुमचा जीव आमच्यावर हाय, त्यो तसाच असू द्या.

तुमची,
राजाबाई