समोरच्या खिडकीतला तक्ता

प्रिय भाभी,

तुझं चार पानी पत्र मंगळवारी मिळालं. फोन हाताशी असताना तू पत्र लिहिलंस तेव्हाच ओळखलं, की घरातल्या कुणाच्या कानावर जायला नको असं काहीतरी आहे. तुझ्या सुनेचं बाहेर काही चाललंय, तिघांनी तुला तसं सांगितलंय, शुक्रवारी नमाजनंतर घरात बैठक बसणार आहे. त्या रविवारी ती आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे होती असं सून म्हणते, तर ती खरंच आली होती का, एवढं एकच वाक्य मी येऊन सांगायचं. मी नाही म्हटलं की मुलगा तलाक देऊन मोकळा होणार. बाई गं, एवढं एकच वाक्य! उत्तर देते, टाळत नाही. पण आधी जरा मागे जाऊ दे मला. म्हातारीला एवढी सवलत दे.

काल अब्बांचं चष्म्याचं दुकान डोळ्यांसमोर आलं. खाली दुकान, वर आपण सगळे. काच घासायच्या चाकाची ती घरघर, अब्बांच्या बाह्यांवर कायम पांढरी भुकटी, आणि त्या फ्रेमच्या खणांना येणारा जुन्या लाकडाचा वास. तू लग्न होऊन आलीस तेव्हा एकवीसची होतीस, मी सतराची. पहिल्याच आठवड्यात दुपारी दुकान बंद असताना तू एकामागून एक सगळे चष्मे लावून आरशासमोर गिऱ्हाइकांच्या नकला केल्यास. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं, आणि मागे बघते तर अब्बा उभे! मला वाटलं, आता आपली काही धडगत नाही. तर अब्बा एवढंच म्हणाले, की गोल फ्रेम सुनबाईला शोभते. माझ्या आयुष्यात तोवर मैत्रीण अशी कुणी नव्हती भाभी. तू आलीस आणि घर बोलकं झालं. माझे डोळे तेव्हा असे, की आख्ख्या गल्लीतल्या बायका सुईत दोरा ओवायला माझ्याकडे यायच्या. भाई मला घार म्हणायचा.

समोरच्या माडीवर तो पेंटर राहायला आला ते तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अब्बांनी त्याच्याकडून नंबर तपासायचा नवा तक्ता करून घेतला. वर एक भलंमोठं ग, आणि उतरत उतरत सातव्या ओळीत मुंगीएवढी अक्षरं. काय हात होता माणसाचा! तक्ता कसा होतोय ते बघायला अब्बा तुलाच पाठवायचे. आणि भाई त्या काळात गोदामातून घरी यायचा तो जेवायला आणि खेकसायला. हे मी तेव्हाही बघत होते. डोळे चांगले असले की हीच पंचाईत, नको ते आधी दिसतं.

मग ती दुपार. चार माणसं दुकानात आली, रिटायर झालेला पोस्टमास्तर पुढे. म्हणाले, तुमची सून आणि तो पेंटर, चौघांनी बघितलंय. भाई घरीच होता. त्याचा चेहरा मला आजही आठवतो, राखेसारखा झाला होता. तुला वरच्या खोलीत बसवलं होतं आणि तू भिंतीकडे तोंड करून होतीस. अब्बांनी चाक थांबवलं, हात धुतले आणि मौलवीसाहेबांना बोलावून घेतलं. मौलवीसाहेबांनी त्या चौघांना शांतपणे सांगितलं, की अशा आरोपाला चार पुरुष लागतात, चौघांनी एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली हवी, आणि तीही सुरमेदाणीत सुरम्याची काडी जाताना दिसावी इतकी उघड. पडदा हलला, चप्पल दिसली, हसणं ऐकू आलं, हे चालत नाही. एकजण जरी कमी पडला, तर बोलणाऱ्यांनाच ऐंशी फटके, आणि त्यांचा शब्द पुन्हा कधी घ्यायचा नाही. फटके मारायचा अधिकार माझ्याकडे नाही, म्हणाले, पण शब्द न घेणं माझ्या हातात आहे. हे ऐकल्यावर त्यांच्यातल्या इस्त्रीवाल्याला घाम फुटला.

पुढचं तुला लोकांनी सांगितलं, पण नीट कुणी सांगितलं नसेल. अब्बांनी भिंतीवरचा तक्ता काढला, समोर पाठवून पेंटरच्याच खिडकीत टांगायला लावला, आणि म्हणाले, ज्याने जिथून बघितलं तिथे उभं राहून वाचून दाखवावं. पोस्टमास्तर तिसऱ्या ओळीला अडले आणि तक्ता उलटा टांगलाय म्हणून भांडायला लागले. सायकलवाला खरं तर पाच ओळी वाचून गेला, पण त्याने बघितलं होतं काय, तर हलणारा पडदा. इस्त्रीवाल्याने दारातल्या चपला बघितल्या होत्या. आणि चौथ्याने काहीच बघितलं नव्हतं, त्याला पोस्टमास्तरांनी सांगितलं होतं! इतक्या भयंकर दिवशीही मला हसू दाबावं लागलं. मौलवीसाहेबांनी चौघांना तिथल्या तिथे शब्द मागे घ्यायला लावले. त्यानंतर पोस्टमास्तरांकडे मरेपर्यंत कुणी निकाहनाम्यावर साक्षीची सही मागितली नाही.

पण भाईला ते पुरलं नाही. तो म्हणाला, मला चार साक्षीदार नकोत. माझी बहीण दिवसभर त्या खिडकीसमोर भरतकाम करत बसते, तिला गल्लीच्या टोकाचा माणूस ओळखू येतो. तिने एकदा हो म्हणावं, मी आत्ता तलाक देतो. सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. कायद्याला चार माणसं लागतात गं, पण नवऱ्याला घरातलं एक माणूस पुरतं. तेवढ्यात अब्बा म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, हीसुद्धा आधी तक्ता वाचेल. मला वर आपल्या खिडकीत उभं केलं. मी ग वाचलं. दुसऱ्या ओळीपासून डोळे बारीक करून अडखळायला लागले, आणि तिसऱ्या ओळीला रडतच म्हणाले, की मला धूसर दिसतं, कधीपासून दिसतं, स्थळं येणार नाहीत म्हणून सांगितलं नाही. भाई मटकन खाली बसला.

तीन दिवसांनी अब्बांनी मला चष्मा दिला. घातला, खिडकीबाहेर बघितलं, आणि सगळं जसंच्या तसं. साधी काच होती, भाभी. स्वतःच्या हातांनी अब्बांनी शून्य नंबरची काच घासून बसवली होती. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तो तक्ता मला पाढ्यांसारखा पाठ होता, रोज मीच पुसायचे. डोळे खरंच गेले असते तरी सातही ओळी म्हणून दाखवल्या असत्या. हे अब्बांना ठाऊक होतं, आणि तरी त्यांनी मला तोच तक्ता वाचायला लावला. भाईला सुचलं नाही, की सुचूनही तो गप्प बसला, अल्लाह जाणे. अब्बांनी मला एका शब्दाने काही विचारलं नाही. फ्रेम कानामागे बसवता बसवता एवढंच म्हणाले, की जो दुसऱ्याचं झाकतो, त्याचं अल्लाह झाकतो.

त्यानंतर चष्मा काढायची सोय नव्हती. घारीची चष्मिष्ट झाले. दोन चांगली स्थळं त्या चष्म्यापायी परत गेली, आणि मग तिसाव्या वर्षी आमचे हे मिळाले, ते बिचारे म्हणाले, मलाही नीट दिसत नाही, चालेल. तो पेंटर महिन्याभरात गाव सोडून गेला. भाई हळूहळू माणसात आला. शेवटच्या आजारपणात तुझ्या हातून औषध घेतल्याशिवाय झोपायचा नाही. दोघांचा संसार मी डोळे भरून बघितला. आणि प्रत्येक सणासुदीला तू मला मिठी मारून म्हणायचीस, की तुझ्या आंधळेपणाने माझं घर वाचवलं गं. मी हसायचे. गेल्या महिन्यात मोतीबिंदू दाखवायला गेले, तर तिथल्या पोरीने माझा चष्मा मशीनमध्ये घातला, पुन्हा घातला, आणि म्हणाली, आजी, याला नंबरच नाही, तुम्हाला कुणीतरी फसवलंय. मी म्हटलं, फसवलं नाही बाळ, वाचवलंय.

आता ऐक, हे सगळं लिहिण्याचं कारण. मी आंधळी नव्हते, भाभी. ते चौघे आले त्याच्या आदल्या दिवशी तू पेंटरच्या खिडकीत उभी होतीस, पडदा नव्हता, ऊन लख्ख होतं. त्याने तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला होता, तू रडत होतीस, आणि तू चेहरा मागे घेतला नव्हतास. मी एवढं बघितलं आणि खिडकी लावून घेतली, आपली. पुढे काय झालं ते मला माहीत नाही, कधी विचारणारही नाही, आणि तू सांगू नकोस. चाळीस वर्षं हा चष्मा नाकावर घेऊन फिरले ते तुझ्यासाठी, आणि आज सुनेसाठी तोंड उघडतेय, कारण तिच्या घरात अब्बा नाहीत. तू आहेस. शुक्रवारी मी नक्की येईन. बैठकीत विचार मला, रविवारी कोण आलं होतं. मी सांगेन, माझं वय झालं, मला वार आठवत नाहीत. पत्रासोबत डबीत चष्मा पाठवतेय, मला आता खऱ्या नंबरचा मिळणार आहे. सून खोलीत येईल तेव्हा हा लाव आणि तिच्याकडे बघ.

तुझीच,
चष्मिष्ट