वाचनालयावरचं घड्याळ

बाबा, तुम्ही स्टुडिओतल्या पडद्यावर रंगवलेलं घड्याळ आता खरंच वाचनालयावर बसणार आहे. हसू नका. आधी मलाही हसू आलं होतं, पण या कामापायी चार महिन्यांत सहा वेळा चंद्रपूरहून गावी जावं लागलं आणि हसू गेलं. खनिजाच्या ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केली आहे. उतरेपर्यंत कंबर बोलते, गुडघे बोलतात, आणि पोचल्यावर माणसं बोलतात. पस्तीस वर्षं वर्गात पोरांना ऐकवलं, आता मी ऐकून घेते. थकले आहे, खरं सांगायचं तर.

झालं असं, की वाचनालयाची दुरुस्ती निघाली आहे आणि इमारत जशी होती तशीच करायची असं समितीनं ठरवलं आहे. ती कशी होती हे सांगणारा फोटो गावात एकच, तो तुमचा. स्टुडिओ रिकामा करताना भिंतीवरची ती फ्रेम मीच वाचनालयाला दिली होती. बाबांनी काढलेला वाचनालयाचा फोटो आहे, म्हणाले आणि बस पकडली. त्यात खोटं काही नव्हतं, पण तो तुम्ही रंगवलेल्या पडद्याचा आहे हेही सांगितलं नाही. तुम्ही नवी लेन्स तपासायला नुसत्या पडद्याचा फोटो काढलात, तो इतका साधला की लोक त्याला इमारतच समजत आले. खरी इमारत सांगणार कोण? तिच्या दर्शनी भिंतीचा वरचा त्रिकोण मी शाळेत जायच्याही आधी वादळात पडला आणि तिथे पत्रा आला.

इंजिनिअर तरुण आहे, वागायला चांगला. त्याने फोटो मोठा करून भिंतीवर लावला आहे. पडद्याला खाली पडलेली चुणी त्याला पायाला गेलेली भेग वाटते. घड्याळात मराठी आकडे आहेत याचं तर त्याला फारच कौतुक. तुम्हाला रोमन आकडे येत नव्हते, हे त्याला कोण सांगणार? लोकांनी ट्रंकांमधून आईबापांचे लग्नाचे फोटो काढून आणले, त्या सगळ्यांतही मागे वाचनालय आणि घड्याळात चारला दहा कमी. त्यावर तो म्हणाला, "म्याडम, सरकारी घड्याळ होतं ना, तवाही बंदच पडून असंन." समितीतले एक म्हातारे भाऊ मात्र ऐकेनात. घड्याळ चालू होतं, त्याचे टोले आपण लहानपणी पार नदीवर ऐकले आहेत, असं ते छातीवर हात ठेवून सांगत होते. मी चहा पीत बसले.

आठवतं तुम्हाला, बाजाराच्या दिवशी आपल्याकडे पाय ठेवायला जागा नसायची. जंगलातल्या गावांतून जोडपी यायची, नव्याने वनरक्षक झालेला एखादा खाकी कडक करून यायचा, आणि सगळ्यांना मागे वाचनालय हवं असायचं. त्यातले किती जण त्याची पायरी चढले असतील, देव जाणे. खऱ्या इमारतीसमोर बैलगाड्या, गुरं आणि पानाच्या पिचकाऱ्या, म्हणून तुम्ही मांजरपाटाच्या कापडावर सरस आणि सफेदा चढवून त्या पडद्यावर सबंध वाचनालय स्वतः रंगवलं. पत्रा वगळलात, पडलेला त्रिकोण परत उभा केलात. पडद्याच्या बाजूला रस्त्यावरची खिडकी होती. गिऱ्हाईक नसलं की आई तिथे पाटावर बसून बाजार बघायची. बाजारात बायकांनी उगाच फिरू नये असं तुमचं मत होतं, तेव्हा तिचा बाजार तो तेवढाच.

मी अकरा वर्षांची आहे. तुम्ही कचेरीत कुणा साहेबाच्या निरोप समारंभाचे फोटो काढायला गेला आहात. पाचशे वॅटच्या बल्बचा स्टँड पडद्यावर कलतो, बल्ब कापडाला टेकतो, आणि त्रिकोणाच्या बरोबर मधे काळी कड पसरत जाते. आई चुलीवरचा भात सोडून धावत येते, हंडा ओतते. तुम्ही आलात तेव्हा जेवणाच्या ताटाएवढं भोक पडलं होतं आणि घरभर धूर होता. वाऱ्यानं स्टँड पडला, असं मी सांगितलं. तुम्ही उघड्या खिडकीकडे पाहिलंत आणि आईला म्हणालात, "खिडकी लावून ठेव म्हून किती डाव सांगतलं तुले? पोरगी जळली असती तं?" ती फरशीवरचं पाणी पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या खिडकीला खिळे ठोकलेत. आठ दिवस तिच्याशी कामापुरतंच बोललात. पुढे अबोला संपला, पण खिळे स्टुडिओ विकेपर्यंत तसेच होते. बाजाराच्या दिवशी आई मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसायची आणि रस्त्यावर कशाचा गलका आहे ते मला विचारायची.

भोकाला ठिगळ तिनेच लावलं, तुमच्या जुन्या धोतराचं, गोल कापून. तुम्ही त्यावर तीनदा रंग चढवलात आणि तीनदा शिवणीचं वर्तुळ वर आलं. शेवटी वैतागून तुम्ही त्याचं घड्याळ केलंत. मी शेजारी रंगाची वाटी धरून उभी होते. काट्यांवर चारला दहा कमी ठेवलेत, तेव्हा हीच वेळ काऊन, म्हणून मी विचारलं. तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "मी घरात आलो आन तू उभी दिसली, तवाची वेळ हाय ती." एवढं बोलून तुम्ही आत गेलात. माझ्यावर तुमचा किती जीव होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्याच दिवसापासून त्या पडद्याकडे मला धड बघवलं नाही.

समितीने एक कागद दिला होता. हा फोटो माझ्या वडिलांनी प्रत्यक्ष इमारतीचा काढला आहे, असं त्यावर लिहिलं होतं, खाली माझी सही. सही केली तर दारावरच्या पाटीत तुमचं नाव येणार. जन्मभर गावाने तुम्हाला फोटोवाला भाऊ म्हटलं, तुमचं नाव कुठल्या पाटीवर कधी आलं नाही. नाही केली तर फोटो बाद, घड्याळ बाद, नावही बाद. आठ दिवस कागद फ्रिजवर पडून होता. काल सही केली. वाचनालयासमोरच्या कचेरीत ताटकळणाऱ्या माणसांना वेळ तरी कळेल, यात कुणाचं काय बिघडतं, असं मनाला सांगितलं. वर तुमचं नाव पाटीवर लागेल, हेही सांगितलं.

पण सही त्यासाठी केली नाही. पडद्याचा फोटो आहे म्हटलं असतं तर पडद्यावर घड्याळ कसं आलं हे त्यांनी विचारलंच असतं. मग चार माणसांत पुन्हा तो वारा सांगायचा, पुन्हा आईची चूक काढायची, किंवा खरं बोलायचं. या वयात दोन्ही माझ्या तोंडून निघेना. सही सोपी होती. हे पत्र फ्रेमच्या मागे सरकवावं असं मनात होतं, पण फ्रेम आता त्यांच्याकडे आहे. तेव्हा ते आईच्या शिवणाच्या डब्यात राहील.

नवरीसारखं पडद्यासमोर उभं राहून मी कशी दिसते ते आरशात बघायचं होतं. स्टँड मी ओढला. आईला ते कळलं होतं. खिडकी बंदच होती, बाबा. धूर बाहेर जावा म्हणून तिने ती मागाहून उघडली.