पाटीला हात

सातपाटी,
१२ नोव्हेंबर १९८६

शकूवयनीला हिराचा नमस्कार.

तू रोज सकाळी दारात येऊन हाक मारतेस, "हिरा, चल गो, पालघरची एसटी जाईल!" माझी पोर सांगते, "आय निजलीय." वयनी, मी निजलेली नसते. भिंतीकडे तोंड करून तुझी पावलं लांब जाईपर्यंत ऐकत असते.

दुखत काय नाय. मुंबईच्या डॉक्टरने कॅन्सरच्या गाठीबरोबर माझी उजवी छाती काढली, त्याला सात महिने झाले. जखम सुकली. सगळी म्हणतात, वाचलीस ना, मग रडतेस कशाला? मला पण कळत नाय. कालवणाला चव लागत नाय, केस विंचरायला उठवत नाय.

बाजाराची मात्र फार आठवण येते. पापलेटने भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाय. वीस वर्षं मी तुझ्या पाटीला हात लावला, तू माझ्या. आता माझा हात खांद्याच्या वर जात नाय. तुझ्या पाटीला दुसरी कोणीतरी हात लावत असेल.

ही चिठ्ठी तुला द्यायचा धीर होत नाय. तुला वाचता येत नाय. माहेरची पत्रं तू माझ्याकडूनच वाचून घेतेस. ही पण घेऊन माझ्याच दारात येशील, "हिरा, वाच गो," म्हणशील.

आणि वाचायला मला उठावं लागेल.

तुझ्या पाटीला हात लावणारी,
हिरा