रुंद तोंडाचं पिंप

१२ नोव्हें. १९७७
जतहून बापूचं कार्ड. अक्षर पोस्टमास्तरचं, बोलणं त्याचंच. "नाना, डोळं पार गेलं. धा डिसेंबरला येतो, पर आता ह्ये शेवटचं. कुनाच्या तरी हाताला धरून एसटीनं किती दिस फिरायचं? गेल्या साली ताक पाजलंस, तसं औंदा पाजू नगंस रं गड्या."
म्हणजे माझी बिअर आंबली होती. गेल्या साली तो अन् तुका, दोघंही अर्धा पेला ठेवून उठले. तोंडातून ब्र काढला नाही. मीही पीतच होतो, पण मला कळली नाही. तंबाखूनं जीभ मेलीय. तुका वैशाखात गेला. त्याच्या वाट्याला शेवटची माझी ती असली.
पलटणीच्या मेसातले आम्ही पाच. पलटणीतून सुटलो त्या तारखेला दर साली माझ्याकडं जमायचं, बिअर मी करायची, हे ठरलेलं. पाचाचे दोन राहिलो.

१३ नोव्हें.
बिअरचं प्लास्टिकचं पिंप अंगणात आणून आत बॅटरी मारली. ओरखडेच ओरखडे, मांजरानं नखं घासावीत तसे. हिला विचारलं.
"व्हय, मीच घासलं की! दोन सालं घासतीया. आतनं पिवळं चढल्यालं. राख न् नारळाची शेंडी घिऊन कोपरापातूर हात घातला. कसं लख्ख झालं, बघा तरी."
प्लास्टिकला मऊ फडक्याशिवाय काही लावायचं नसतं. ओरखड्यात आंबूस धरून बसतं, मग शंभरदा धुवा. हे मला ठाऊक होतं, हिला नव्हतं.
"छान केलंस," म्हणालो.

१४ नोव्हें.
मूळ चूक माझीच. मला बिअर शिकवणारे पाचगणीच्या शाळेतले म्हातारे साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा त्यांनी दोन पिंपं पुढं ठेवली, एक ने म्हणाले. दोन्ही तपकिरी, खाली तोटी, वर फिरवून आवळायचं आट्याचं झाकण. एकाचं तोंड चिंचोळं, एकाचं रुंद. साहेब म्हणाले, चिंचोळं ने, तोंड लहान तेवढा ग्यास कमी निसटतो. मी हात घालून पाहिला. चिंचोळ्यात जाईना. ज्या भांड्यात हात जात नाही ते घासायचं कसं? ते स्वच्छ तरी म्हणायचं कसं? रुंद उचललं. वर साहेबांनाच शहाणपण शिकवून आलो.

१७ नोव्हें.
पाचगणीला जाऊन आलो. चिंचोळं शाळेच्या माळ्याकडं अजून आहे, हे ऐकून होतो. आहे खरं. त्यात रॉकेल.
"लय गुनाचं हाय नाना. थेंब गळत न्हाई," तोच मला सांगतोय.
झाकण काढून वास घेतला, परत लावलं. प्लास्टिक एकदा वास प्यालं की सोडत नाही. त्यानं चहा पाजला. बिचारा, त्याची काय चूक.

२० नोव्हें.
आहे त्यावरच भागवायचं. ब्लीचिंगच्या पाण्यात दोन दिवस ठेवलं, मग दहा पाण्यांनी धुतलं. गार पाण्यानं. पहिल्या साली शहाणपणा करून उकळतं ओतलेलं, तेव्हापासून तोंड लांबट झालंय. झाकणाचं रबरी कडंही चिरलं होतं. वाईत सायकलवाल्याकडून ट्यूब कापून आणली.
"नाना, ह्या वयात पंक्चर?" मेला दात काढत होता.
कड्याला व्हॅसलिन, नखाएवढं. गोडंतेल लावलं तर फेस मरतो. ग्यास व्हावा म्हणून आत सोडा-लिंबू घालून झाकण आवळलं अन् पिंप हौदात बुडवलं. एका जागी बुडबुडे. मधून मधून, पण आहेत.

२३ नोव्हें.
सातू मोड काढून भाजून ठेवला होता, तो भरडून उकळला. कडूपणाला काडेचिराईत, साहेबांनी त्यासाठी दिलेली विलायती फुलं कधीच संपली. खमीर साताऱ्याच्या बेकरीतलं. घरभर वास. हिनं नाकाला पदर लावला, पण चूल तिनंच फुंकली.

१ डिसें.
आठ दिवस हंड्यात फसफसून निवली, ती आज पिंपात भरली. मूठभर साखर. आवळलं. आता आपल्या हातात काही नाही.

४ डिसें.
पिंपाचं पोट मऊ. एव्हाना आतल्या ग्यासनं टणक व्हायला हवं. डोकं फिरलं. "तुझ्या त्या राखेनं वाट लावली सगळी," तोंडातून गेलं. राखेचा अन् गळतीचा काय संबंध? पण गेलं.

५ डिसें.
अबोला. ताट वाढलं, पाणी ठेवलं, उठून गेली.

६ डिसें.
झाकणाशी झटत होतो. मनगटात जोर राहिला नाही. न सांगता आली, खाली बसली, पिंप दोन्ही गुडघ्यांत दाबून धरलं.
"आवळा आता."
पाव फेरा आणखी बसलं.
"धा येळा इचारलं तुमास्नी, ह्ये कशानं धुवायचं. तुमी म्हनायचा, तुला काय करायचंय."
खरं आहे. म्हणायचो.

९ डिसें.
पोट टणक! टिचकी मारली तर कलिंगडासारखं वाजतं. वाटीत थोडी काढली. रंग बरा, फेस बोटभर. चव? मला कडू तेवढं कळतं. आंबट आहे की नाही, देव जाणे.
ही उभी होती. जन्मात थेंबाला न शिवलेली बाई. वाटी घेतली अन् जिभेला लावली.
"लय कडू."
"आंबट हाय का?"
"हाय जराशी. पर ह्यात किती आंबट असायचं, ते मला काय ठावं?"
ज्यांना ठावं होतं त्यातला एक उद्या येतोय.

१० डिसें.
बापू आला. वाळून काटकी झालाय. स्टँडवरून हाताला धरून आणला. पेला दिला तर त्यानं आधी कानाशी नेला. फेस फुटतो तो ऐकत होता. "बोलतिया," म्हणाला. तुकाच्या नावानं चार थेंब भुईवर सोडले. मग प्याला. एका दमात, न थांबता, औषध पितात तसा.
"कशी झालीया?"
"वैनी, भाकरी वाढा. भूक लागली."
दुसरा भरू लागलो तर पेल्यावर हात आडवा धरला. "ऱ्हाऊ दे रं. येक झाला की."

११ डिसें.
बापूला गाडीत बसवलं. कंडक्टरला दोनदा बजावलं, सांगलीत जतच्या गाडीपर्यंत हाताला धरून ने. बापूनं माझा हात बराच वेळ सोडला नाही. बिअरचं तो बोलला नाही. पुढच्या सालाचं मी काढलं नाही.
पिंप जवळजवळ भरलेलंच आहे. ही दोनदा विचारून गेली, ओतायची का ठेवायची. सकाळी ओतून टाकायला तोटीपर्यंत हात नेला होता. परत घेतला.