न दुखणारा पाय

मुलुंड, ८ जानेवारी १९८६

ती. सहदेवभावोजींस,
लवूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

रविवारी ताईच्या कुळथाच्या पिठीवर ताव मारून सुखरूप पोचलो. एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. फुटपाथवर चपला विकत वर आलेला माणूस मी, पावलांचा आवाज मला कळतो. तुम्ही जिना चढत होता तेव्हा एकच चप्पल वाजत होती. दुसरी खालच्या पायरीवर राहिली होती आणि तुम्हाला पत्ताच नव्हता. आमच्या भाचीने, सुगंधाने ती आणून दिली तेव्हा सगळे हसलो. पण मी नमस्काराला वाकलो तर तुम्ही पाय असा मागे ओढलात, जणू मी चिमटाच काढणार होतो. करंगळीला चिंधी दिसली. तुम्हाला साखरेचा त्रास जुना, डॉक्टरला पाय दाखवा.

लोभ आमच्यावर आहेच, थोडा त्या पायावरही करावा.
आपला,
लवू


बोरिवली, १५ जानेवारी

चि. लवूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हे म्हणाले, मेहुणा चपला खपवायला बघतोय. करंगळीखाली भोक पडलंय रे, पाणी येतं, वास येतो. आधी नुसता घट्टा होता, तो ब्लेडने कापला. मग शेकायला पाय पाण्यात घातला. पाणी कढत होतं हे माझ्या बोटांना कळलं, त्यांच्या पायाला नाही. दुखत नाही तर दवाखाना कशाला, म्हणतात. अलीकडे टॉवेल वेगळा ठेवलाय, अंथरूणही गॅलरीत नेलंय. मी काही विचारलं नाही. सुगंधाला बघायला माणसं येणार आहेत, तोवर डॉक्टरचं नाव काढायचं नाही अशी ताकीद आहे. तुझं ऐकतील, तू लिही.

मुलांना गोड पापा.
तुझी शेवंतीताई


मुलुंड, १९ जानेवारी

ती. भावोजींस शि. सा. न.

चपला खपवायच्याच आहेत, पण जोडीने. एका पायाची मी विकत नाही. माझं जुनं गिऱ्हाईक शिवदास, तोही दुखत नाही म्हणून थांबला. त्याचा पाय गुडघ्याखाली गेला. दुखलं असतं तर तुम्ही स्वतःच धावत गेला असता.

टॉवेल वेगळा, अंथरूण वेगळं. तुमच्या मनात काय आहे ते मला कळलंय असं वाटतं. तेच निघालं तरी आता त्यावर गोळ्या आहेत, माणसं बरी होऊन संसार करतात. शनिवारी दुकान बंद ठेवून टॅक्सी घेऊन येतो. नाही म्हणालात तर खांद्यावर टाकून नेईन, मग चाळ काय बघायचं ते बघेल.

राग आला तर शनिवारपर्यंत राखून ठेवावा.
लवू


इस्पितळातून, २७ जानेवारी

चि. लवूस आशीर्वाद.

तू गेल्यावर मोठे डॉक्टर आले. मला डोळे मिटायला लावून टाचणी टोचत गेले. घोट्याच्या पुढचा पाय माझा नव्हताच. मग कित्येक महिने जे तोंडातून निघत नव्हतं ते विचारलं, हा महारोग आहे का? स्टेशनवर पाटी आहे ना, सुन्न जागा असेल तर तपासून घ्या. ती वाचली आणि सुगंधाचं लग्न डोळ्यांसमोर आलं.

कातडी तपासून ते नाही म्हणाले. साखरेने नसा मेल्या, रक्तही कमी पोचतं, त्यात माझं ब्लेड नि कढत पाणी. कुजलेलं मांस कापलं, मी दुसऱ्याचा पाय बघावा तसा बघत होतो. हाडापर्यंत गेलंय, म्हणून करंगळी काढणार. मग इन्सुलिन, रोज ड्रेसिंग, आणि जखम भरेपर्यंत पाय टेकवायचा नाही. बाकीचा पाय बहुतेक वाचेल. ते धीर देत होते आणि मी हसत होतो. नर्सला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला.

माझ्या शंकेचं ताईला सांगू नकोस, बिचारी घाबरेल.

आहेस तसाच राहा.
सहदेव


बोरिवली, ३ फेब्रुवारी

चि. लवूस आशीर्वाद.

करंगळी काढली. जखम लाल, स्वच्छ आहे, डॉक्टर खूश आहेत. बघायला येणाऱ्यांना खरं कारण कळवून पुढची तारीख दिली.

ह्यांनी तुला काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण ठाऊक आहे. टॉवेल वेगळा झाला तेव्हाच ओळखलं. ती पाटी मीही वाचते रे. त्या दिवसापासून त्यांच्या समोर बसून त्यांच्याच उष्ट्या ताटात जेवत आले. त्यांना वाटतं, मला भांडी घासायचा कंटाळा आलाय. तसंच वाटू दे.

येत जा, माया असू दे.
तुझी ताई