व्हिटॅमिनची बाटली

४ जानेवारी
सासरचा पहिला दिवस मजेत गेला. घरात सासूबाई, मोठे दीर, जाऊबाई, हे आणि आता मी. जाऊबाईंनी माझाच कंगवा उचलून केस विंचरले. म्हणाल्या, या घरात तुझं-माझं चालत नाही, सवय करून घे. मला हसू आलं. मुरमांच्या कॅप्सूल मात्र मी व्हिटॅमिनच्या रिकाम्या बाटलीत भरून फडताळात ठेवल्यात. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, या गोळ्या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येतं. सासूबाई तर नातवंडासाठी उतावीळ. त्यांच्या कानावर हे घालून आफत कोण ओढवून घेईल?

१४ जानेवारी
गोळ्यांनी ओठ फुटलेत, पण मुरमं बसू लागली. चेहऱ्याला काय लावतेस, जाऊबाईंनी विचारलं. मी म्हटलं, व्हिटॅमिन घेते. सरळ थाप मारली.

२५ जानेवारी
आठ वर्षांनी जाऊबाईंना दिवस गेलेत! सासूबाई रडल्या, त्यांचं बघून मीही रडले. दीर दिवसभर उगाच घरात फेऱ्या मारत होते.

३० जानेवारी
बाटलीत सहा कॅप्सूल कमी भरल्या. मोजण्यात माझीच चूक झाली असेल.

२ फेब्रुवारी
पाणी पिताना जाऊबाईंच्या ओठातून रक्त आलं. थंडीमुळे, म्हणाल्या. माझेही ओठ असेच — पण ते थंडीमुळे नाहीत.

३ फेब्रुवारी
आणखी चार कमी. धीर करून विचारलं. जाऊबाई हसल्या. तुझ्या तोंडावर तेज आलं, माझ्या बाळालाही येऊ दे, म्हणाल्या. रोज सकाळी सासूबाई स्वतः एक त्यांच्या हातावर ठेवतात. मी खरं न सांगताच कपबश्या विसळायला घेतल्या.

४ फेब्रुवारी
बाटली लपवली. यांना सांगितलं. हे म्हणाले, गप्प राहा, आई तुला घरात ठेवणार नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला. एकही गोळी पोटात जायला नको होती, म्हणाल्या. आजच्या आज त्यांना घेऊन या. मी हो म्हटलं आणि भाजी चिरत बसले. लाज वाटते.

५ फेब्रुवारी
सासूबाई बाटली शोधताहेत. जाऊबाई पोटावर हात ठेवून दारात उभ्या — एवढं काय लिहितेस, विचारतात. तोंडाने नाही जमणार. वहीच देते. जाऊबाई, मागची पानं नंतर वाचा, आधी चप्पल घाला, डॉक्टरकडे चला, त्या बाटलीत व्हिटॅमिन नव्ह—